त्यात नंतर काही टाकलंत का?

एक सिनेमा पेनड्राइव्हवर चढवायला दहा मिनिटं लागतात. हिरवी पट्टी सरकत असते. मधेच 'चार मिनिटं राहिली' म्हणते, आपण चहाचं आधण ठेवून येतो तोवर 'अकरा मिनिटं राहिली' म्हणायला लागते. तोच सिनेमा पुसायला मात्र एक सेकंद पुरतो. दहा मिनिटांची हमाली एका सेकंदात उलटी कशी फिरते, ही शंका आपल्याला इतक्या वर्षांत एकदाही येत नाही. यायला हवी होती. कारण यंत्र चक्क थाप मारत असतं. तो सिनेमा कुठेही गेलेला नसतो.

एखाद्या जुन्या चाळीचा मालक डोळ्यांपुढे आणा. त्याच्या वहीत कोण कितव्या खोलीत राहतं ते लिहिलेलं आहे. भाडेकरू काढायचा झाला तर हा मालक खोलीपर्यंत जातच नाही. गादीवर बसल्या बसल्या वहीतल्या नावाचं पहिलं अक्षर खोडतो, खोलीच्या नंबरापुढे 'रिकामी' असं लिहितो आणि वही मिटतो. भाडेकरू आत पाय पसरून पेपर वाचतोय. त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही. नवा बिऱ्हाडकरू ट्रंक घेऊन दारात उभा राहीपर्यंत त्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

पहिलं अक्षर खोडण्याची गोष्ट मी पदरची घातलेली नाही. डॉसच्या काळापासून चालत आलेली आणि बऱ्याच पेनड्राइव्हवर अजूनही चालणारी 'फॅट' नावाची पद्धत अक्षरशः हेच करते. फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर काढून तिथे २२९ हा आकडा ठेवते. बाकीचं नाव, फाइलची लांबी, ती कुठून सुरू होते, सगळं जागच्या जागी. (हा २२९ जपानी लिपीतल्या काही अक्षरांच्या सुरुवातीला रीतसर येतो, त्यामुळे तिकडच्या चांगल्या चालत्याबोलत्या फाइली पुसलेल्या समजल्या गेल्या असत्या, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी पळवाट काढावी लागली.) १९९१ साली एमएस-डॉस ५ आलं, त्यात पुसलेलं परत आणायची आज्ञा होती. ती दिली की पडद्यावर पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह असलेली नावं यायची आणि यंत्र अदबीने विचारायचं: पहिलं अक्षर सांगा.

आता रोमन लिपीत लिहिलेलं 'प्रश्नचिन्ह-ए-टी-आर-ए' हे पत्र होतं, यात्रा होती, जत्रा होती की डॉक्टरांनी दिलेली मात्रा, हे माणसाने आठवायचं. नाही आठवलं तरी बिघडत नसे. कुठलंही अक्षर द्या, यंत्र खूश. अशा रीतीने त्या काळात किती यात्रांची पत्रं झाली असतील आणि किती पत्रांच्या जत्रा, याचा हिशेब कुणाकडे नाही.

ही विद्या बाजारात आणणारा माणूस म्हणजे पीटर नॉर्टन. एक फाइल त्याच्याच हातून पुसली गेली, ती पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून त्याने ती परत मिळवणारा प्रोग्राम लिहिला आणि १९८२ पासून तो विकायला काढला. गुलाबी शर्टातला, हाताची घडी घातलेला त्याचा फोटो तेव्हा जगभरच्या संगणकवाल्यांच्या ओळखीचा होता. पुढे १९९० साली त्याने कंपनी विकली आणि निवांत झाला. या गृहस्थाने तरुणपणी काही वर्षं बौद्ध मठात काढली होती. सर्व काही अनित्य आहे, जाणारं जाऊ द्यावं, असं शिकून बाहेर आलेल्या माणसाने गेलेलं परत आणायचं दुकान टाकावं, हे मला फार आवडतं. मठातल्या गुरुजींना काय वाटलं असेल ते असो.

हे सगळं मला एरवी ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण आमच्या डोंबिवलीत शेजारी राहणारे काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून कुलवृत्तांत लिहीत होते. कोकणातल्या घराण्यांना हे वेड जुनं. मूळपुरुष कोण, कुठल्या वाडीतून निघाला, त्याला मुलगे किती, कोण घाटावर गेला, कोण इंदुरास, कोण निपुत्रिक वारला. काकांनी यासाठी अख्ख्या महाराष्ट्रातल्या आडनावबंधूंना फोन करून पिडलं होतं. श्राद्धाला जमलेल्या मंडळींच्या पानात वरणभात पडायच्या आत हे वही काढायचे. सगळा ऐवज एका पेनड्राइव्हवर होता आणि पेनड्राइव्ह देवघराखालच्या खणात, गंगेच्या गडूशेजारी.

मे महिन्यात नातू बंगळुरूहून आला. अलिबागला जायचं ठरलं, गाडीत वाजवायला गाणी हवी होती. खणात पेन सापडलं. ते लावल्यावर यंत्राने 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं आणि हल्लीच्या मुलांना विचारलेल्या प्रश्नाला 'हो' म्हणायची सवय असते.

काका रागावले नाहीत. त्यांच्यातला बँकवाला जागा झाला. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत. उलटी नोंद करून ती फिरवतात. त्यांनी नातवाला शांतपणे सांगितलं, "ठीक आहे. आता रिव्हर्सल एंट्री टाक." नातवाचा चेहरा पाहून काकींनी मला हाक मारली.

मग आम्ही तिघं दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडला बाहेरून पाहिलं तर चार्जर, सीसीटीव्ही आणि वायरींची भेंडोळी. पण या गल्ल्यांत लाकडी जिने आहेत, आणि एखाद्या जिन्यावर 'डेटा रिकव्हरी' अशी पाटी असते. वर छोटीशी खोली, तीन पडदे, एक एसी आणि एक पोरगा. या धंद्यातल्या पोरांचं एक वैशिष्ट्य आहे: रडणाऱ्या माणसांची त्यांना सवय असते. कुणाची लग्नाची फोटोफाइल, कुणाचा पीएचडीचा प्रबंध, कुणाचं तीन वर्षांचं टॅली. त्याने पेन हातात घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, त्यात नंतर काही टाकलंत का?"

"छे! काही नाही," काका ठामपणे म्हणाले.

पोरगा काकांकडे बघतच नव्हता. तो नातवाकडे बघत होता.

"गाणी," नातू म्हणाला.

"किती?"

"असतील दोनशे-अडीचशे."

सगळं त्या एका प्रश्नात असतं. फाइल पुसल्याने मरत नाही. तिच्या खोलीत दुसरं कुणी राहायला आलं की मरते. म्हणून गोष्ट हरवल्याचं लक्षात आलं की त्या ड्राइव्हला हातसुद्धा लावायचा नसतो. पण आपल्याला धीर कुठला? आपण नेमके त्याच ड्राइव्हवर ती परत आणायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतो, आणि ते जाऊन बरोब्बर हरवलेल्या गोष्टीच्या उरावर बसतं.

पोराने पडद्यावर बघून निदान सांगितलं. वही कोरी झालीय, पण माल बराचसा जागेवर आहे. गाणी पेनच्या सुरुवातीच्या भागात जाऊन बसलीत. म्हणजे सगळ्यात आधी लिहिलेलं गेलं, नंतरचं मिळेल.

काकांनी सगळ्यात आधी मूळपुरुष लिहिला होता.

गुहागरजवळच्या कुठल्याशा वाडीतून पडशी घेऊन निघालेला, दुष्काळ, पेंढारी आणि पटकी यांना पुरून उरलेला तो पुरुष, त्याचे चार मुलगे आणि त्यांचे सगळे मुलगे जिथे नांदत होते, तिथे आता एक हळदीचं गाणं, तेही डीजे रिमिक्स, मुक्कामाला आलं होतं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाकीचे तरी काढा."

बाकीचे काढायची पद्धत मोठी मजेशीर आहे. वहीच कोरी झाल्यावर वही चाळण्यात अर्थ नसतो. मग दारोदार हिंडायचं, प्रत्येक खोलीचं दार ठोठावायचं आणि आत कोण आहे ते तोंडावरून ओळखायचं. फाइलींना तोंडं असतात. जेपीजी फोटोची पहिली खूण ठरलेली, पीडीएफच्या सुरुवातीला तर सरळ 'पीडीएफ' असंच लिहिलेलं. जुन्या वर्ड फाइलीच्या तोंडाशी सोळाच्या हिशेबात डी-शून्य, सी-एफ, एक-एक, ई-शून्य असे आकडे असतात. रोमन अक्षरांत लिहून जरा डोळे बारीक करून वाचलंत तर 'डॉकफाइल' दिसेल. कुणा इंजिनिअरने नोकरीत केलेली ही गंमत लाखो यंत्रांत जाऊन बसली. नव्या वर्ड फाइली 'पीके' या दोन अक्षरांनी सुरू होतात. हे पीके म्हणजे फिल कॅट्झ. झिप पद्धत त्याने १९८९ साली काढली, आणि आजची वर्डची फाइल ही आतून झिपच असते. कॅट्झ २००० साली, चाळिशीही न गाठता वारला. पण आपली सोसायटीची नोटीस, कुणाचा राजीनामा, सत्यनारायणाचं निमंत्रण, सगळं आजही त्या माणसाच्या आद्याक्षरांनी सुरू होतं. श्रीगणेशा नंतर.

हे दारोदार हिंडणारं एक नावाजलेलं सॉफ्टवेअर आहे, फोटोरेक. ते क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच माणसाने लिहिलं आणि फुकट वाटलं. नाव फोटोचं, पण ते सगळं काढतं. त्याला एकच गोष्ट जमत नाही: नावं. नावं वहीत होती आणि वही गेली. शिवाय तुकड्यातुकड्यांनी लिहिलेली फाइल असेल तर तिचं तोंड सापडतं, धड सापडत नाही. पोराने काकांना प्रशस्तिपत्र दिलं, "पेन नीट वापरलेलं आहे. सगळं सलग लिहिलंय." कधीही काही न पुसणाऱ्या माणसाचा हा फायदा.

सलग लिहिण्याची किंमत काय असते याचं माझ्या माहितीतलं सर्वांत मोठं उदाहरण हसण्यावारी नेण्याजोगं नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना आकाशातच फुटलं. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. अवशेषांमध्ये काही महिन्यांनी टेक्ससमधल्या एका सुकलेल्या तळ्यात एक धातूचा वितळलेला गोळा मिळाला. ती हार्ड डिस्क होती, ३४० मेगाबाइटची. झेनॉन ढवळल्यावर त्याचा दाटपणा कसा बदलतो, या प्रयोगाच्या नोंदी तिच्यावर होत्या. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीतल्या जॉन एडवर्ड्स या इंजिनिअरने तिच्या चकत्या काढून, साफ करून, दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवून ९९ टक्के नोंदी वाचल्या. चकत्यांवर ओरखडे होते, पण जिथे काही लिहिलेलंच नव्हतं त्या भागावर. आणि यंत्र जुन्या डॉसवर चालत असल्याने लिहिलेलं इकडेतिकडे न पांगता एका जागी होतं. त्या प्रयोगाचा शोधनिबंध २००८ साली छापून आला.

आमच्या पेनकडे परत येतो. काकांना त्या संध्याकाळी शेकड्यांनी फाइली मिळाल्या. सगळ्यांची नावं 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा. कुलवृत्तांतातली माणसं, ज्यांची नावं गोळा करण्यात काकांचं निवृत्त आयुष्य गेलं, ती आता कैद्यांच्या बिल्ल्यांवरच्या नंबरांनी हजर झाली. त्यातली एक उघडली, तर आत मराठी नाही. इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं, टोप्या, मधेच पौंडाची खूण.

माझ्या पिढीच्या मराठी माणसाला हे दृश्य ओळखीचं आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण ती आमच्या टायपिंगपर्यंत पोचायला फार वर्षं गेली. तोवर आम्ही पुण्याच्या सी-डॅकचे योगेश आणि सुरेख वापरले, पुण्याचीच श्रीलिपी वापरली. हे फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांना घातलेले देवनागरी मुखवटे. फॉन्ट यंत्रावर असेल तोवर 'कश्यप गोत्र'. नसेल तर टिंबं, टोप्या आणि पौंड. दिवाळी अंकांची, प्रबंधांची, आत्मचरित्रांची अशी किती गाठोडी कपाटांत पडली असतील! त्यांचा एक बाइटही हरवलेला नाही, आणि एक ओळही वाचता येत नाही. पुढे युनिकोडचा मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला आणि मुखवट्यांची गरज संपली, पण आधीची मंडळी मुखवट्यातच राहिली.

पोरगा फॉन्ट शोधत होता तोवर मी पडद्यावरच्या त्या जंजाळाकडे बघत होतो. जुन्या फॉन्टांत आकडे मात्र आकड्यांच्याच जागी असत, त्यामुळे ते तेवढे वाचता येतात. एक पानभर मजकूर होता. वर तारीख. मग टोप्या, टिंबं, टोप्या, ३०४. पुन्हा टोप्या, पौंड, ३०४. शेवटच्या परिच्छेदात तर एका ओळीत दोनदा, ३०४.

मी ३०४ मध्ये राहतो.

"हे काय आहे हो काका?" मी विचारलं.

काकांनी चष्मा पुसला. "अरे, ते... मी नंतर पुसलं ना ते!" मग थोडं थांबून, अधिकच दुखावलेल्या स्वरात, "पुसलं होतं मी!"

त्यांचं म्हणणं मला पटतं. सोसायटीच्या सेक्रेटरीला रागाच्या भरात लिहिलेलं पत्र रात्रभर झोप काढून सकाळी पुसून टाकणं याच्याइतकं शेजारधर्माचं काम दुसरं नाही. माणूस पुसतो तेव्हा मनापासून पुसतो. हे सॉफ्टवेअर मात्र दार ठोठावताना आतला माणूस पाहुणा आहे, पूर्वज आहे की गिळलेला राग, हे विचारत नाही. कुलवृत्तांत मागितला तर त्याच्याबरोबर चार कच्चे मसुदे, बढती नाकारल्याचा एक कधीच न धाडलेला निषेध, काकींच्या पन्नाशीला लिहायला घेतलेल्या कवितेचं एक कडवं आणि ३०४ एवढं सगळं येतं. कवितेचं कडवं काकींना परवा छापून दिलं. पत्राचा फॉन्ट मी मुद्दाम शोधला नाही.

नव्या यंत्रांत हा प्रश्न येत नाही. लॅपटॉपात हल्ली एसएसडी असते आणि तिच्यात लिहिलेल्यावर थेट लिहिता येत नाही. आधी जागा साफ करावी लागते. म्हणून फाइल पुसली की ट्रिम नावाचा निरोप आत जातो आणि ड्राइव्ह सवडीने, आपण झोपलेलो असताना, खोल्या खरोखरीच रिकाम्या करत सुटते. आमचा पोरगा एसएसडीचं नाव निघालं की पैशाची गोष्टच काढत नाही, हात जोडतो. शेजाऱ्यांविरुद्ध तक्रारी कराव्यात त्या एसएसडीवर. कुलवृत्तांताला मात्र जुनं पेन बरं.

कायमचं पुसणं आणि पुसलेलं परत देणं, आपल्याकडे इंद्रायणीने ही दोन्ही कामं केलेली आहेत. तुकोबांनी सावकारीच्या खतांतला भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं स्वतःच्या हाताने डोहात बुडवली, असं सांगतात. पुढे त्याच डोहात गाथेच्या वह्या बुडवणं भाग पडलं. वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही वारकऱ्यांची श्रद्धा. अभंग गावोगाव लोकांना पाठ होते, संताजी जगनाड्यांसारख्यांनी उतरवून ठेवले होते, त्यातून गाथा पुन्हा उभी राहिली, असं दुसरा पक्ष म्हणतो. गाथा परत मिळाली यावर मात्र दोघांचं एकमत आहे. खतं वर आल्याचं कुणीच म्हणत नाही. वास्तविक ती ऋणकोंना गाथेपेक्षा जास्त पाठ असणार, व्याजासकट. पण एकानेही घाटावर येऊन म्हणून दाखवली नाहीत.

मूळपुरुषाच्या बाबतीत लॅमिंग्टन रोडची विद्या संपली होती, तेव्हा उरले लोक. 'टॉय स्टोरी २' हा सिनेमाही असाच वाचला. १९९८ साली पिक्सारमध्ये कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि वुडीची टोपी, मग बूट, मग अख्खा वुडी, असं बघता बघता बहुतेक चित्रपट यंत्रावरून नाहीसा झाला. बॅकअप घेतले जात होते, फक्त ते चालत नव्हते. गेलिन सुसमन या तंत्रप्रमुख बाई बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या यंत्रावर प्रत होती. ते यंत्र चादरींत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून, हळूहळू ऑफिसात आणलं. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे कोण आहे तशी?" आणि काकींनी स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, "आत्या."

चिपळूणच्या आत्या, काकांच्या वडिलांची धाकटी बहीण. नव्वदी ओलांडलेली. आजोबांची जुनी वही लग्नात रुखवताबरोबर चुकून तिकडे गेली, असं त्या सांगतात. चुकून होतं असं घरात कुणालाच वाटत नाही. पहिल्या पिढ्या तिच्यात आहेत. पण वही मोडीत आहे. काकांना मोडी येत नाही, आत्या शाळेत शिकल्यात. वही पोस्टाने पाठवायला त्यांनी नकार दिला, फोटो काढायला नातसुनेला हात लावू दिला नाही. "मी वाचते, तू टाइप कर," म्हणाल्या. आणि अट घातली.

अशा ग्रंथांत मुलग्यांच्या रेघा खाली खाली जातात, पानंच्या पानं. लेकीची रेघ तिच्यापाशी थांबते. नाव, कुणाला दिली, गाव, की पूर्णविराम. पुढे तिची मुलंबाळं, नातवंडं जगात नांदत असतात, वहीत खोली रिकामी. आत्यांचं म्हणणं, त्यांच्या, त्यांच्या बहिणींच्या आणि आधीच्या सगळ्या लेकींच्या रेघा पुऱ्या खालपर्यंत न्यायच्या. काका म्हणाले, तशी पद्धत नाही, ग्रंथ दुप्पट होईल. काकी भाजी निवडत होत्या. "अहो, दोनशे गाण्यांना जागा झाली," त्या म्हणाल्या, "लेकींना होणार नाही?"

आता रोज संध्याकाळी सात ते आठ आत्यांचा फोन स्पीकरवर असतो. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे वंशावळ मला भिंतीतून तोंडपाठ होत चालली आहे. काम युनिकोडमध्ये चाललंय, प्रती तीन घरांत जातात, एक माझ्याकडेही. मूळपुरुष पहिल्याच आठवड्यात आला, चारही मुलग्यांसकट. त्याला दोन मुलीही होत्या, हे काकांना नवीन होतं. काल एका चुलत आजोबांच्या दुसऱ्या लग्नावरून बरंच वाजलं. काकांचं म्हणणं, कुठल्याही कागदावर असं लग्न नाही, तेव्हा ते धरता येणार नाही. आत्यांचं म्हणणं, त्या काकूच्या हातचे मोदक त्यांनी खाल्लेत आणि पाकळ्या कशा काढायच्या ते त्यांना तिनेच शिकवलं. मग ती कागदावर नसली तर काय झालं? शेवटी काकांनी 'द्वितीय विवाह, आत्यांच्या सांगण्यावरून' असं टाइप केलं. ते 'सांगण्यावरून' काढ म्हणून आज फोन साडेसहालाच आला.